सायकलचा रस्ता चौकात तुटतो

सकाळी पावणेसातला नागपुरात आमच्या लेआउटच्या, म्हणजे प्लॉट पाडून वसलेल्या वस्तीच्या तोंडाशी, रिंग रोडच्या कडेला उभं राहा. हुडकेश्वर, नरसाळ्याच्या बाजूने सायकली येऊ लागतात. धुणीभांडी आणि पोळ्यांच्या कामाला निघालेल्या बाया दोघी-दोघींनी येतात, पदर कमरेला खोचलेला, कॅरिअरला कापडी पिशवी. रोजंदारीचं काम मिळतं त्या ठिय्याकडे निघालेल्या मजुरांच्या हँडलला डबा अडकवलेला असतो, पिशवीतून थापीचा दांडा बाहेर डोकावत असतो. पेपर टाकून परतणारी पोरं असतात, रात्रपाळी संपवून घरी निघालेले वॉचमन असतात. गेल्या उन्हाळ्यात आम्ही लेआउटमधले काही जण तीन दिवस तिथे वही घेऊन उभे राहिलो. रोड क्रॉस करणाऱ्या प्रत्येक सायकलसाठी एक उभी रेघ. वहीची पानंच्या पानं भरली. त्यात गिअरची सायकल आणि हेल्मेट असलेल्यांच्या रेघा हाताच्या बोटांवर मोजता येतील इतक्याच होत्या.

हे आधी सांगते, कारण आपल्या शहरात सायकलचा विषय निघाला की डोळ्यांसमोर ही माणसं येत नाहीत. येतो तो हौशी सायकलस्वारांचा रविवारचा पहाटेचा जथा, अंबाझरी, फुटाळा हे तलाव, सेमिनरी हिल्सचा चढ. त्या मंडळींबद्दल माझ्या मनात आदरच आहे. नागपुरात सायकलला पुन्हा मान मिळवून देण्यात त्यांचा मोठा वाटा आहे, आणि रस्त्यावर जीव मुठीत धरून तेही चालवतातच. पण त्यांच्यासाठी आखलेला मार्ग तलावाभोवती फिरून जिथून निघाला तिथेच परत येतो. कामाला निघालेल्या बाईला कुठून तरी कुठे तरी पोचायचं असतं. तिच्या वाटेत तलाव नसतो, रिंग रोड असतो.

सायकलला नागपुरात रस्ता कमी पडत नाही, तो मोठ्या रस्त्याला भेटतो त्या जागी तुटतो, असं माझं म्हणणं आहे. म्हणून पैसा, इंजिनिअरांचं डोकं आणि आपला पाठपुरावा आधी त्या तुटलेल्या जागांवर लागला पाहिजे. रुंद सिमेंट रोडच्या कडेला हिरवा पट्टा रंगवणं त्यानंतरचं काम आहे.

आपलं शहर कसं वसलंय ते आठवा. १९३६ च्या कायद्याने नागपूर सुधार प्रन्यास ही शहराची आखणी बघणारी संस्था आली आणि पुढच्या काळात शहर लेआउट-लेआउटने वाढलं. त्यातले काही आखीव, काही आधी वसले आणि मग नियमित झाले, पण बहुतेकांच्या आतले रोड सरळ आहेत, वीस फुटी, तीस फुटी, कुठे चाळीस फुटी. कडेला कडुनिंब, बदाम, गुलमोहर. या रोडवर गाड्या कमी असतात आणि लेकरं खेळत असल्यामुळे बहुतेक जण हळूच चालवतात. अयोध्या नगर असो, प्रताप नगर असो की खामला, आतल्या आत एक मैल जायचं असेल तर आजही शाळेतली मुलगी सायकलने निर्धास्त जाऊ शकते. पट्टा नाही, पाटी नाही, तरी जाऊ शकते. मग रिंग रोड येतो. नाहीतर वर्धा रोड, उमरेड रोड, हिंगणा रोड येतो. पलीकडचा लेआउटही तसाच शांत असतो, आणि या दोन शांत लेआउटच्या मध्ये तीस मीटर रुंदीचा असा पट्टा पडलेला असतो जो पार करायची सोयच नाही. इतवारी, महाल या जुन्या भागांचं गणित वेगळं आहे, तिथल्या गल्ल्यांचे प्रश्नही वेगळे आहेत. मी बोलते आहे ते शहराच्या वाढलेल्या कडांबद्दल, जिथे बहुसंख्य नागपूरकर आज राहतात.

पायी चालणाऱ्याचा वेग आखणी करताना सेकंदाला साधारण १.२ मीटर धरतात. तीस मीटर रुंद रस्ता त्या वेगाने ओलांडायला पंचवीस सेकंद लागतात. गुडघे दुखणाऱ्या आजीबाईंना पस्तीस लागतील, भरलेली सायकल हातात धरून ढकलत नेणाऱ्यालाही तेवढेच. आमच्या चौकात आम्ही मोबाइलवर तीनदा मोजून पाहिलं. सिग्नलला पंचवीससुद्धा मिळत नाहीत, आणि जे मिळतात त्यातही डावीकडे वळणारी वाहनं थांबत नाहीत. मग माणूस काय करतो? चौकाच्या बऱ्याच अलीकडे, जिथे दुभाजकाचा तुकडा निघालेला आहे, तिथून जातो. निम्मा रोड पार करून दुभाजकात उभा राहतो. सायकलची लांबी पावणेदोन मीटरच्या आसपास असते आणि तिथला दुभाजक त्याच्या निम्म्यानेही रुंद नाही. त्यामुळे पुढचं चाक एका रोडवर, मागचं दुसऱ्या रोडवर, मध्ये बाई हँडल घट्ट धरून उभी. मागून ट्रॅव्हल्सची बस गेली की हवेच्या झोताने पिशवी हलते. हे मी रोज बघते.

भारतातल्या रस्त्यांच्या पहिल्या मोठ्या आराखड्याला आपल्या शहराचं नाव आहे, हे मुलांना शाळेत सांगताना मला अभिमान वाटतो. डिसेंबर १९४३ मध्ये देशभरातले मुख्य अभियंते नागपुरात जमले आणि वीस वर्षांची रस्ते योजना ठरली. ‘नागपूर योजना’ म्हणून ती आजही सिव्हिल इंजिनिअरिंगच्या मुलांना शिकवतात. राष्ट्रीय महामार्गापासून गावच्या रस्त्यापर्यंत प्रतवारी त्या बैठकीने लावून दिली आणि दर शंभर चौरस किलोमीटरमागे सोळा किलोमीटर रस्ते असं उद्दिष्ट ठेवलं. ज्या देशात कित्येक गावांना पावसाळ्यात वाटच नव्हती, त्याला तेव्हा लांबीच मोजायची गरज होती. अडचण एवढीच की ऐंशी वर्षं उलटली तरी आपण अजून लांबीच मोजतो. किती किलोमीटर सिमेंट झालं, उड्डाणपूल किती लांब झाला. वर्धा रोडवरचा ३.१४ किलोमीटरचा दुमजली पूल गिनीज बुकात गेला. कामठी रोडवरचा साडेपाच किलोमीटरहून लांब पूल ऑक्टोबर २०२४ मध्ये खुला झाला, त्यात गड्डीगोदामजवळ एकावर एक चार स्तर आहेत. अभियंत्यांचं ते कसब खरंच मोठं आहे. पण पुलाखालचा रोड एका बाजूने दुसऱ्या बाजूला किती जागी निर्धास्त ओलांडता येतो, हा आकडा कोणत्याही उद्घाटनाच्या फलकावर मी वाचलेला नाही.

कागदावर आपण मागे नाही. २००६ च्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणाने स्पष्ट म्हटलं आहे की नियोजन वाहनांच्या नव्हे, माणसांच्या ये-जा करण्याचं व्हायला हवं. रस्त्यांची मानकं ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेसच्या पादचाऱ्यांसाठीच्या मार्गदर्शिकेप्रमाणे निवासी भागातल्या फुटपाथवर चालायला किमान १.८ मीटर मोकळी जागा लागते आणि फुटपाथची उंची १५० मिलिमीटरपेक्षा जास्त नको. सायकल मार्गांसाठी त्यांचीच वेगळी संहिता आहे, २०१५ मध्ये सुधारलेली. २०२० मध्ये केंद्र सरकारच्या स्मार्ट सिटी मिशनने ‘इंडिया सायकल्स फॉर चेंज’ हे आव्हान जाहीर केलं आणि पुढच्या वर्षी निवडलेल्या अकरा शहरांत नागपूर होतं. मे २०२५ मध्ये तर सर्वोच्च न्यायालयाने, चालण्याजोगा फुटपाथ मिळणं हा संविधानाच्या कलम २१ खालच्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे, असं सांगितलं. कोणी अडवलं तर हे सगळे कागद पुढे ठेवता येतात, आणि ठेवले पाहिजेत.

आम्ही टेप घेऊन लेआउटपासून शाळेपर्यंतचा फुटपाथ मोजला. पहिले वीस पावलं १.८ मीटर भरला. मग विजेचा डीपी बॉक्स आला, तिथे उरली हातभर जागा. पुढे विजेचा खांब, खांबाला टेकून उभा केलेला जुना खांब, दुकानाच्या पायऱ्या, मग एक कार, आणखी एक कार. नालीचं झाकण बोटभर वर आलेलं. एका झाडाच्या बुंध्याला गट्टू, म्हणजे फरशीचे सिमेंटचे ठोकळे, अगदी खेटून लावलेले, मुळाशी पाणी जायला वाव नाही. शाळेच्या फाटकाशी पोचलो तेव्हा आम्ही फुटपाथवर नव्हतो, केव्हाच रोडवर उतरलो होतो. सोबत दुसरीतला एक मुलगा होता. त्याला टेपचं टोक धरायला दिलं होतं, आणि तो रोज येतो तसाच सवयीने रोडवर उतरला.

सायकल चालवणाऱ्याला आणखी एक गोष्ट ठाऊक असते जी कारमधून दिसत नाही. सिमेंट रोडचा स्लॅब संपतो आणि गट्टू सुरू होतात, त्या दोहोंच्या मध्ये लांबच लांब फट राहते. स्लॅब वर, गट्टू खाली. गाडीच्या जाड टायरला काही फरक पडत नाही. सायकलचं बारीक टायर त्या फटीत गेलं की हँडल वळत नाही, आणि माणूस उजवीकडे, म्हणजे येणाऱ्या गाड्यांच्या बाजूला पडतो. माझी मुलगी नववीत असताना ट्यूशनहून येताना अशीच पडली. मागचा ऑटोवाला सावध होता, त्याने ब्रेक लावला, म्हणून मी आज हे लिहू शकते. त्या संध्याकाळी तिच्या कोपराला हळद लावताना तिने विचारलं, “आई, माझं काही चुकलं का?” तिचं काही चुकलं नव्हतं. डावीकडून, कडेने चालव, हे मीच शिकवलं होतं, आणि फट कडेलाच होती.

पुढच्या महिन्यात आम्ही तिला ऑटो लावून दिला. हे सांगताना मला अजूनही वाईट वाटतं, कारण तिची सायकल रस्त्याने काढून घेतली आणि आम्ही ते मुकाट्याने मान्य केलं. ज्यांना ऑटो परवडत नाही ते काय करतात हेही मी शिक्षिका म्हणून जवळून बघितलं आहे. काही जण मुलीला ट्यूशनलाच पाठवत नाहीत. काही जण दहावीतल्या मुलाच्या हाती मोपेड देतात, सायकलपेक्षा पटकन चौक पार होतो म्हणून. मोटार वाहन कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीनाच्या हाती गाडी दिल्यास पालकाला २५ हजार रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. कायदा बरोबर आहे. पण पालकाला सायकल जास्त धोक्याची वाटावी असा चौक आपण बांधून ठेवला असेल, तर नुसत्या दंडाने तो मुलगा मोपेडवरून उतरणार नाही. मराठवाडा-विदर्भातल्या मागास तालुक्यांत मानव विकास कार्यक्रमातून मुलींना सायकली मिळतात, म्हणजे मुलगी आणि शाळा यांच्यातलं अंतर सायकलने कमी होतं हे आपल्या सरकारला पटलेलं आहे. शहरातल्या मुलीचं अंतर किलोमीटरमध्ये थोडं असतं. मध्ये एक चौक असतो, एवढंच.

आता वेगाबद्दल, कारण चौक कितीही चांगला बांधला तरी समोरून येणारं वाहन ताशी सत्तर किलोमीटरने येत असेल तर त्याचा उपयोग नाही. केंद्राच्या २०१८ च्या अधिसूचनेप्रमाणे महापालिका हद्दीत कारची कमाल मर्यादा सत्तर आणि दुचाकीची साठ आहे. ही कमाल आहे, त्याहून कमी मर्यादा ठरवण्याचा अधिकार मोटार वाहन कायद्याच्या कलम ११२ ने राज्याला आणि त्याने नेमलेल्या प्राधिकरणाला दिलेला आहे. जागतिक आरोग्य संघटनेचा हिशोब असा आहे की सरासरी वेग एक टक्क्याने वाढला तर जीवघेण्या अपघाताचा धोका चार टक्क्यांनी वाढतो. कारने ताशी पन्नासऐवजी पासष्टच्या वेगाने पायी माणसाला उडवलं तर तो मरण्याची शक्यता साडेचार पट होते. म्हणूनच माणसं आणि गाड्या एकत्र येतात तिथे तीसची मर्यादा असावी असं फेब्रुवारी २०२० च्या स्टॉकहोम जाहीरनाम्यात आलं. आपल्या देशात २०२२ साली रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं गेली. त्यातली बत्तीस हजारांहून जास्त पायी चालणारी होती.

लेआउटच्या आत तीस, ही मागणी नागपुरात अवघड नाही. आतल्या रोडवर त्याहून वेगाने जायची गरज कोणालाच नसते, ॲम्ब्युलन्सलासुद्धा आतल्या तीन वळणांवर तीस पुरतो. आजारी माणसाला ब्रेकरवरून नेताना त्रास होतो ही तक्रार मात्र खरी आहे. आमच्याकडे एका गल्लीत लोकांनी स्वतःच मध्यरात्री सिमेंट टाकून ब्रेकर बांधला, इतका उभा की स्कुटीचं पोट घासायचं. राग समजण्यासारखा होता, कारण आदल्या आठवड्यात तिथे एका लेकराला गाडीने उडवलं होतं. पण असा ब्रेकर सायकलवाल्यालाच आधी पाडतो. त्याऐवजी गल्लीच्या तोंडाशी रोडची पातळी फुटपाथएवढी उंच करून घेतली, दोन्ही बाजूंना सौम्य उतार दिला, तर गाडी आपोआप हळू होते आणि माणूस सपाटीवरून पार जातो. खर्चही फार नाही. हे काम उड्डाणपुलासारखं दिसत नाही, म्हणून मागावं लागतं.

“आपल्या उन्हात सायकल कोण चालवणार?” हा प्रश्न मला प्रत्येक बैठकीत ऐकावा लागतो. बहुतेक वेळा विचारणारे कारने आलेले असतात. ऊन आहेच. मे २०१३ मध्ये नागपूरने ४७.९ अंश पाहिलं. त्या दिवशीसुद्धा मजूर सायकलवरूनच कामावर गेले, कारण त्यांच्याकडे दुसरं साधन नव्हतं. तेव्हा उन्हात सायकल कोण चालवणार याचं उत्तर आपल्यासमोर रोज आहे. प्रश्न त्यांना सावली देणार का, एवढाच उरतो. आणि सावली आतल्या तीस फुटी रोडवर अजून शाबूत आहे. सिमेंट रोड करताना मोठ्या रस्त्यांवरची झाडं गेली किंवा सुकली, लेआउटमधली टिकली. सायकलचा मार्ग आतून न्यायचं हे दुसरं कारण. बाई सावलीतून येईल, सावलीतून जाईल, उन्हात फक्त क्रॉसिंगपुरती येईल. तिथे सिग्नलला नव्वद सेकंद थांबावं लागणार असेल तर थांबण्याच्या जागी एक झाड किंवा शेड हवी. उन्हापासून बचावासाठी महापालिकेचा आराखडा गेली काही वर्षं आहेच, त्यात चौकातली सावली बसवता येईल.

दुकानदारांचं म्हणणं मी टाळणार नाही. फुटपाथ मोकळा करायचा म्हटलं की सगळ्यात आधी हातगाडीवाला उठवला जातो. भाजीची गाडी उठते, तिच्या जागी अर्ध्या तासात कार उभी राहते आणि ती दिवसभर हलत नाही. फेरीवाल्यांना २०१४ च्या कायद्याने जागेचा हक्क दिलेला आहे, आणि संध्याकाळी हातगाड्यांची वर्दळ असेल तर मुलीला तो रस्ता एकटीने जायला सुरक्षितही वाटतो. मला तर भेळवाल्याच्या दिव्याखाली सायकल लावणं अंधाऱ्या मोकळ्या फुटपाथपेक्षा बरं वाटतं. दुकानदाराला भीती ही की समोर पार्किंग गेलं तर गिऱ्हाईक जाईल. त्याच्याकडे जाऊन एका संध्याकाळी बसलं, कोण कशाने येतं ते त्याच्यासोबत मोजलं, तर बोलणं पुढे जातं. आमच्या कोपऱ्यावरचे किराणावाले काका आधी आमच्या विरोधात होते. मोजल्यावर त्यांच्या लक्षात आलं की दुकानासमोर उभ्या असलेल्या दोन्ही कार गिऱ्हाइकांच्या नव्हत्याच, वरच्या मजल्यावरच्या भाडेकरूंच्या होत्या. आता क्रॉसिंग मागणाऱ्या आमच्या अर्जावर त्यांची सही आहे.

आता अर्जांबद्दल. वस्तीच्या पातळीवर काम करणाऱ्या सगळ्यांना हा अनुभव आहे, म्हणून लांबवत नाही. शहरातले रस्ते महापालिका, सुधार प्रन्यास, सार्वजनिक बांधकाम खातं, राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरण यांच्यात वाटलेले आहेत. सिग्नल आणि वेगाचा विषय वाहतूक पोलिसांशी जोडलेला. मेट्रोच्या खांबांखालची जागा आणखी कोणाची. एका क्रॉसिंगसाठी आम्ही तीन कार्यालयांत गेलो आणि तिन्ही ठिकाणी, हा भाग आमच्याकडे येत नाही, असं ऐकलं. रस्ता नेमका कोणाच्या ताब्यात आहे एवढं कळायलाच माहितीचा अधिकार वापरावा लागला. कर्मचारी उद्धट नव्हते, एकाने तर चहा पाजला. पण ज्याच्या टेबलावर चौक संपूर्ण येतो असा माणूसच व्यवस्थेत नाही. शहराच्या दहाही झोनमध्ये, प्रत्येकी एक असा अधिकारी असावा ज्याच्याकडे चालणाऱ्यांची आणि सायकलवाल्यांची क्रॉसिंगं सोपवलेली असतील, रस्ता कोणाचाही असो. नोकरशाहीत हा छोटासा बदल वाटेल, पण माझ्या मते सगळ्यात जास्त फरक यानेच पडेल. आणि कायदाही पाठीशी आहे. २०१९ पासून मोटार वाहन कायद्याच्या कलम १९८अ प्रमाणे रस्त्याची रचना किंवा देखभाल ठरलेल्या मानकांप्रमाणे न केल्याने कोणाचा मृत्यू झाला किंवा अपंगत्व आलं, तर संबंधित यंत्रणेला किंवा कंत्राटदाराला एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. अपघातानंतर दंड मागण्यापेक्षा, अमुक क्रॉसिंग मानकाप्रमाणे नाही असं आधीच लेखी कळवून ठेवलं, त्याची पोच घेतली, तर पुढे कोणाला माहीत नव्हतं म्हणता येत नाही. ‘आपले सरकार’ या सरकारी पोर्टलवर तक्रार टाका, पण कागदावर शिक्का मारून घेतलेली पोच घरच्या फायलीत असू द्या.

मार्च २०२२ मध्ये महापालिकेची मुदत संपली आणि पुढे जवळपास चार वर्षं जाब विचारायला नगरसेवकच नव्हते. जानेवारी २०२६ च्या निवडणुकीनंतर ते परत आले आहेत. नव्या नगरसेवकाकडे लोक नाली आणि पाणी घेऊन जातात, आणि गेलंच पाहिजे. त्याच यादीत प्रभागातली तीन क्रॉसिंगं लिहून द्या, नकाशासकट. ‘सुरक्षित रस्ते हवेत’ असं निवेदन दिलं तर ते हारासोबत स्वीकारलं जातं आणि तिथेच संपतं. ‘या खांबापासून त्या खांबापर्यंत, दुभाजकात दोन मीटर रुंद थांबा, सिग्नलला तीस सेकंद’ असं लिहिलं तर त्याला हो किंवा नाही असं उत्तर द्यावंच लागतं.

आणि एक चूक आमची झाली, ती इतरांनी करू नये म्हणून लिहिते. आमच्या बैठका रविवारी सकाळी दहाला गार्डनमधल्या शेडमध्ये व्हायच्या. निवृत्त मंडळी, शिक्षक, एक-दोन डॉक्टर. ज्यांच्यासाठी क्रॉसिंग मागत होतो, त्या बायांची ती चौथ्या घरची भांडी घासायची वेळ. दोन महिने आम्ही त्यांच्या वतीने बोलत राहिलो आणि त्यांच्यापैकी एकीलाही विचारलं नाही. अर्जाला जोडायचा नकाशा तयार झाला, त्यात क्रॉसिंग चौकापासून नियमाच्या अंतरावर, इंजिनिअर असलेल्या एका काकांनी नीट आखून दिलेलं. तो मी आमच्याकडे पोळ्या करायला येणाऱ्या ताईंना सहज दाखवला. त्यांनी कणकेचे हात पदराला पुसले, मोबाइलवरचा नकाशा बोटाने मोठा केला आणि म्हणाल्या, “हे तर लय दूर पडते जी. आमची गल्ली इथं निघते. तिथवर जाऊन परत कोण येते? पावणेसातला पहिल्या घरी पोचा लागते मले.”

मी म्हटलं, “मग कुठून जाता तुम्ही?”

त्यांनी दुभाजकाच्या निघालेल्या तुकड्यावर बोट ठेवलं. “इथून. समद्या इथूनच येतात. मागच्या पावसात इथंच पडली न ती, हुडकेश्वरची. पाय मोडला तिचा. दोन महिने घरी होती, तिची दोन घरं गेली.”

दुसऱ्या दिवशी सकाळी इंजिनिअर काका आणि मी तिथे जाऊन उभे राहिलो. ताईंचं बरोबर होतं. समोरच्या गल्लीतून निघालेली प्रत्येक सायकल तिथेच रोडला लागत होती, आणि पलीकडे आमच्या लेआउटचा तीस फुटी रोड बरोबर त्याच रेषेत होता. काकांनी घरी जाऊन नकाशा पुन्हा काढला. बैठक आता बुधवारी संध्याकाळी साडेसातला असते, हनुमानाच्या मंदिरासमोर, बाया घरी परतताना थांबू शकतील अशा जागी. पहिल्या बुधवारी पाच जणी आल्या, सायकली स्टँडला लावून उभ्याच राहिल्या. अर्ज नव्याने दिला. तो सध्या दुसऱ्या टेबलावर आहे, पोच फायलीत आहे. त्याला जोडलेल्या नकाशावर ताईंनी बोट ठेवलं होतं त्या जागी लाल पेनाने फुली केलेली आहे, आणि खाली सह्यांच्या रकान्यात पहिल्या पाच सह्या त्यांच्या आहेत.